कोणत्या मांजरांची पैदास थांबवावी?

१ जानेवारी २०२६ पासून नेदरलँड्समध्ये कान दुमडलेली किंवा अंगावर केस नसलेली मांजरे नव्याने पाळण्यावर बंदी आली आहे. अशा मांजरांच्या पैदाशीवर तिथे २०१४ पासूनच बंदी होती. आता ती पाळणेही कायद्याच्या कक्षेत आले आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात कान दुमडलेल्या स्कॉटिश फोल्ड जातीची पैदास बेकायदेशीर आहे. या निर्णयांवर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. पैदास करणाऱ्यांना आणि या जातींच्या चाहत्यांना हा सरकारचा घराच्या उंबरठ्याआतला हस्तक्षेप वाटतो. उलट प्राणिहिताचा कैवार घेणाऱ्या काहींना एवढे पुरेसे वाटत नाही आणि वंशावळ लावलेल्या मांजरांची पैदास सरसकट थांबावी असे ते म्हणतात. माझ्या मते दोन्ही बाजू प्रश्नाला चुकीच्या टोकाकडून भिडतात. जात नवी की जुनी, निसर्गात आपोआप उपजलेली की माणसाने घडवलेली, दिसायला विचित्र की मोहक, या गोष्टींवरून काहीच ठरत नाही. ज्या लक्षणामुळे ती जात ओळखली जाते तेच लक्षण मांजराच्या शरीरात अन्यत्र काय करते, हे आधी पाहिले पाहिजे आणि कायदा त्या उत्तरावर उभा राहिला पाहिजे.

हा निकष मांजरांच्या बाबतीत लावता येतो, याला कारण आहे. माणसाने कुत्र्याकडून हजारो वर्षे निरनिराळी कामे करून घेतली आणि त्या कामांनुसार त्याचे शरीर घडवले. मांजराचे तसे झाले नाही. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे सहवास जुना आहे. परंतु धान्याच्या कोठारातले उंदीर मारण्याचे काम मांजर आपल्या मूळ रानटी शरीरानेच उत्तम करत होते आणि ते बदलण्याची कोणाला गरज भासली नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली हॅरिसन वेअर यांनी भरवलेल्या प्रदर्शनापासून मांजरांच्या संघटित स्पर्धा सुरू झाल्या आणि आज नोंदवल्या जाणाऱ्या बहुतेक जाती त्यानंतरच्या दीडशे वर्षांत आखल्या गेल्या. त्या आखताना निवड झाली ती मुख्यतः रूपाची. आणि मांजराच्या रूपातले ठळक फरक पुष्कळदा एखाद्याच जनुकातल्या बदलाने पडतात: आखूड शेपूट, कुरळे केस, दुमडलेला कान, ठेंगणे पाय. जनुक मात्र क्वचितच एकच काम करते. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची मांजरे बहुधा बहिरी असतात हे डार्विनने एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. त्यामागची यंत्रणा त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. आज पुष्कळ लक्षणांची यंत्रणा ठाऊक आहे, त्यामुळे अज्ञानाची सबब उरलेली नाही.

सर्वांत स्पष्ट उदाहरण स्कॉटिश फोल्डचे. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या पर्थशर भागात, कूपर अँगस गावाजवळच्या एका शेतावर, एका मेंढपाळाला सुझी नावाची पांढरी मांजर दिसली. तिचे कान पुढे आणि खाली दुमडलेले होते. आजच्या साऱ्या स्कॉटिश फोल्ड मांजरांची वंशावळ तिच्यापाशी जाते. कान दुमडतो, कारण त्यातली कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक असा आधार देणारा भाग, स्वतःचा भार पेलण्याइतकी ताठ नसते. कूर्चा मात्र केवळ कानात नसते. हाडे वाढतात ती कूर्चेच्या पट्ट्यांतून आणि सांध्यांची टोके झाकलेली असतात ती कूर्चेनेच. २०१६ मध्ये या बदलाचे मूळ टीआरपीव्ही४ या जनुकात सापडले. कूर्चेच्या पेशींमध्ये कॅल्शियमची ये-जा नियंत्रित करणारे हे जनुक आहे आणि माणसांमध्येही त्यातल्या बिघाडाने सांगाड्याचे व सांध्यांचे गंभीर विकार होतात. म्हणजे दुमडलेला कान हे एका सर्वांगव्यापी विकाराचे डोळ्यांना दिसणारे टोक आहे. घोटे, पंजे आणि शेपटीचे मणके यांत तोच विकार चालू असतो. शेपूट जाड व ताठ होते, पंजाची हाडे आखूड व वेडीवाकडी होतात, घोट्याभोवती नवे हाड साचून सांधा जखडतो.

पैदासकारांनी याला एक तोडगा काढला होता. हे जनुक प्रभावी असल्यामुळे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेली त्याची एकच प्रत कान दुमडायला पुरते. दोन प्रती मिळालेल्या मांजरांचे हाल लवकर आणि उघड होतात हे ध्यानात आल्यावर, दुमडलेल्या कानाच्या मांजराचा जोडीदार नेहमी सरळ कानाचा असावा, असा नियम झाला. एकच प्रत असलेली मांजरे निरोगी असतात, असा दावा त्यामागे होता. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यकांनी अशा मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली तेव्हा एकच प्रत असलेल्यांमध्येही हाडांचे तेच बदल दिसले. तीव्रता मात्र कमी-जास्त होती. काही मांजरे लहानपणीच लंगडतात, काहींना उतारवयात त्रास होतो, काहींचा विकार सौम्य राहतो. कोणत्या पिल्लाच्या वाट्याला काय येईल हे पैदास करणाऱ्याला सांगता येत नाही, आणि कितीही काळजीपूर्वक जोड लावली तरी दुमडलेला कान ठेवून कूर्चेचा विकार वगळणे त्याला जमणार नाही, कारण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

‘आमचे मांजर तर मजेत आहे’ हे मालकांचे उत्तर प्रामाणिक असते, पण पुरावा म्हणून ते कच्चे आहे. मांजर वेदना लपवणारा प्राणी आहे. दुखणाऱ्या सांध्याचे मांजर बहुधा ओरडत नाही. ते उंच उड्या मारणे सोडते, खेळणे कमी करते, जास्त झोपते. पाहणाऱ्याला ते शांत आणि गोड स्वभावाचे वाटते. पाठ टेकून, मागचे पाय पुढे पसरून बसलेल्या फोल्ड मांजरांची छायाचित्रे लाखो लोकांनी कौतुकाने पाहिली असतील. दुखऱ्या सांध्यांवरचा भार टाळण्याचा तो प्रयत्न असू शकतो, ही शंका कौतुक करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येते.

आता याच्या शेजारी अमेरिकन कर्ल ठेवून पाहा. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील लेकवूड येथे एका घरी आलेल्या भटक्या मांजरीपासून ही जात सुरू झाली. हिचे कान मागे वळलेले असतात. हेही उत्परिवर्तनच, म्हणजे जनुकात आपोआप झालेला बदल, हेही प्रभावी जनुक, हेही कानाचेच लक्षण आणि हेही माणसाने केवळ हौसेखातर जपलेले. पण कर्लच्या कानाची कूर्चा मऊ न पडता उलट टणक असते आणि जनुकाच्या दोन प्रती असलेली मांजरेही धडधाकट राहतात. सांगाड्याचा फोल्डसारखा विकार या जातीत दिसून आलेला नाही. कानाचा आकार बदलला म्हणून फोल्डवर बंदी घालायची असेल तर ती कर्लवरही घालावी लागेल, आणि ते अन्यायाचे होईल.

शेपटीच्या बाबतीतही अशीच जोडी सापडते. आयल ऑफ मॅन बेटावरचे मँक्स मांजर शेकडो वर्षे जुने आहे आणि त्या बेटाच्या नाण्यांवरही झळकले आहे. त्याचे शेपूट नाहीसे करणारे जनुक गर्भात कण्याच्या मागच्या टोकाची जडणघडण ठरवते. दोन प्रती मिळालेले गर्भ जन्मापूर्वीच मरतात. एक प्रत मिळालेल्यांपैकी कोणाला शेपूट अजिबात नसते, कोणाला खुंटाएवढे असते, कोणाला जवळजवळ पूर्ण असते. आणि काहींमध्ये जनुकाचा परिणाम शेपटीपाशी न थांबता माकडहाड व मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. अशा पिल्लांना लघवी व शौचावर ताबा राहत नाही, मागचे पाय लुळे पडतात किंवा ती सशासारखी दोन्ही पाय जोडून उड्या मारत चालतात. या विकाराला मँक्स सिंड्रोम असे जातीचेच नाव चिकटले आहे. जपानी बॉबटेलचे आखूड, गोंड्यासारखे शेपूट मात्र वेगळ्याच जनुकामुळे, एचईएस७ मुळे, बनते. त्यात मणके कमी होतात, वळतात, एकमेकांना जुळतात; पण मज्जारज्जूची मँक्ससारखी हानी होत नाही आणि जनुकाच्या दोन्ही प्रती असलेली मांजरे पिढ्यानपिढ्या सुखाने जगत आली आहेत. दोन्ही जाती जुन्या, दोन्ही बेटांवरच्या, दोन्ही लोकांच्या लाडक्या. परंपरेचा आधार दोघींना सारखाच मिळतो, म्हणून तो या वादात निरुपयोगी आहे. मँक्सचे ऐतिहासिक मोल मान्य करूनही मी म्हणेन, की पूर्ण बिनशेपटीचे मांजर हे आदर्श मानून पैदास करणे थांबवले पाहिजे.

लोकांची सहानुभूती मात्र या हिशेबाने चालत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टेक्सासमध्ये पुढचे पाय खुरटलेल्या आणि वाकड्या मांजरांची मुद्दाम पैदास होत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा मोठा संताप व्यक्त झाला. तो रास्तच होता. त्याच काळात, १९८३ मध्ये लुईझियानात सापडलेल्या एका आखूड पायांच्या मांजरीपासून मंचकिन ही जात आकार घेत होती. १९९४ मध्ये टिका या आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेने तिचा नव्या जातींच्या कार्यक्रमात समावेश केला आणि २००३ मध्ये तिला स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. या निर्णयांना संस्थेच्या आतूनच विरोध झाला होता, आणि सीएफए व फिफे या अन्य मोठ्या संस्थांनी मंचकिनला आजवर मान्यता दिलेली नाही. मंचकिनचे पाय वाकडे न दिसता सरळ पण ठेंगणे दिसतात. चेहरा गोंडस असतो, चाल दुडकी असते. म्हणून ती खपली. दोन मंचकिनांची जोड लावली तर सरासरीने पाव गर्भ पोटातच मरतात, हे दृश्य कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. याउलट केस विरळ, तोंडाभोवती उघडी कातडी असलेले लायकॉई मांजर पाहून अनेकांना शिसारी येते आणि ‘हा छळ आहे’ असे ते तत्काळ म्हणतात, वास्तविक त्या लक्षणाशी जोडलेला फोल्डसारखा विकार आढळलेला नाही. सहा-सात बोटांचे पंजे असलेली मांजरेही ‘व्यंग’ म्हणून हिणवली जातात आणि उंदीर मात्र उत्तम पकडतात. डोळ्यांना खटकणे हा निकष मानला तर आपण चुकीच्या मांजरांची कीव करू आणि चुकीच्या मांजरांचे कौतुक करू. बऱ्याच अंशी आज तेच चालले आहे.

मंचकिनविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तिच्या सांध्यांविषयीचा पुरावा फोल्डइतका भारी नाही. लांब हाडांची वाढ खुंटवणारा यूजीडीएच जनुकातला बदल २०२० मध्ये ओळखला गेला, आणि बरीच मंचकिन मांजरे उघड दुखण्याशिवाय जगतात. तरीही मी तिला पैदास थांबवावी अशा यादीत घालतो. मांजराचे शरीर उडीसाठी बनलेले आहे. उंचावर जाऊन बसणे हा त्याच्यासाठी सुरक्षिततेचा, विश्रांतीचा आणि घरातल्या दुसऱ्या मांजराला टाळण्याचा मार्ग असतो. ती क्षमता कमी करणारे लक्षण केवळ आपल्याला गंमत वाटते म्हणून रुजवणे, आणि त्यासाठी प्रत्येक पिढीत प्राणघातक जनुक जागते ठेवणे, याचे समर्थन मला करता येत नाही.

या सगळ्याहून बोलके उदाहरण बर्मीज जातीचे आहे, आणि ते फारसे चर्चेत येत नाही. वाँग माऊ नावाच्या एका तपकिरी मांजरीला १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणले गेले. पाश्चात्त्य देशांतली बर्मीज जात तिच्यापासून सुरू झाली. पुढे अमेरिकेत गोल डोके आणि आखूड नाक यांना स्पर्धांमध्ये पसंती मिळू लागली, आणि तशा मांजरांच्या वंशात अधूनमधून कवटी व चेहरा भयंकर विद्रूप असलेली, जगू न शकणारी पिल्ले जन्मू लागली. कारण एएलएक्स१ जनुकातला एक लहानसा तुकडा गळण्यात निघाले: दोन प्रती असतील तर मृत्यू अटळ, आणि एकच असेल तर तोच गोल, आखूड चेहरा ज्याला परीक्षक बक्षीस देत होते. म्हणजे स्पर्धेत जे सौंदर्य म्हणून निवडले जात होते ते वस्तुतः घातक जनुकाच्या वाहकाचे लक्षण होते. परीक्षकांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण रूपावर बक्षीस देणारी व्यवस्था रोगाचीच निवड करत राहू शकते आणि आतल्या माणसांना ते दीर्घकाळ कळत नाही, एवढे यातून दिसते. ओहोस आसुलेस या निळ्या डोळ्यांच्या जातीत मात्र दोन प्रती असलेली पिल्ले कवटीच्या दोषांसह मृत जन्मतात हे लक्षात आल्यावर पैदासकारांनी स्वतःहून काम आवरते घेतले. असा शहाणपणा अशक्य नाही, हे नोंदवायला हवे.

इथपर्यंत वाचून जातिवंत मांजरांवर सरसकट बंदी हवी असे म्हणणाऱ्यांना आपल्याला बळ मिळाले असे वाटेल. पण त्यांच्याशी माझा मतभेद इथेच सुरू होतो. ज्या विकारांची नावे घेऊन जातींना नावे ठेवली जातात, त्यांतले अनेक जातीच्या ओळखीचा भाग नसतात. मर्यादित पूर्वजांमुळे ते त्या वंशात शिरलेले असतात. पर्शियन मांजरांमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार एकेकाळी फार पसरला होता. काही पाहण्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक मांजरांमध्ये तो आढळला. २००४ मध्ये त्याचे जनुक सापडले आणि साध्या चाचणीने कोणते मांजर पैदाशीतून वगळायचे ते कळू लागले. पर्शियनचे लांब केस, रंग, संथ स्वभाव यांतले काहीही न गमावता तो आजार काढून टाकता येतो. मेन कून आणि रॅगडॉल जातींमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजाराशी संबंधित बदल ओळखले गेले आहेत, नॉर्वेजियन फॉरेस्ट मांजरांमध्ये ग्लायकोजेन ही साठवणीची साखर पेशींत साचण्याचा विकार ओळखला गेला आहे. यांवर उपाय बंदीचा नसून सक्तीच्या चाचणीचा आणि मोकळ्या नोंदींचा आहे. ज्या पैदासकाराने आपल्या मांजरांची चाचणी करून निकाल खरेदीदारासमोर ठेवला, त्याला आणि कान दुमडलेली पिल्ले विकणाऱ्याला एकाच पिंजऱ्यात उभे करणारा कायदा पहिल्याचा धीर खचवील आणि दुसऱ्याला ‘सगळेच सारखे’ म्हणण्याची सोय करून देईल.

शिवाय लक्षणाचा प्रत्येक उपपरिणाम म्हणजे व्याधी असे मानणेही चूक होईल. सयामी मांजराचा रंग याचे सुरेख उदाहरण आहे. त्याच्या शरीरातले रंगद्रव्य बनवणारे विकर (एन्झाइम) उष्णतेला दबते. म्हणून पिल्लू आईच्या पोटातल्या उबेतून जवळजवळ पांढरे बाहेर येते आणि पुढे कान, नाक, पंजे व शेपूट हे शरीराचे तुलनेने थंड भागच गडद होतात. याच बदलामुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू भलत्या बाजूला वळतात, आणि जुन्या सयामी मांजरांमध्ये तिरळेपणा पुष्कळ असे. निवडीने तो खूपच कमी झाला. राहिला तिथेही मांजर त्याच्याशी जुळवून घेते आणि वेदनेत जगत नाही. उपपरिणाम आहे की नाही एवढे विचारून भागत नाही. त्याने दुखते का, मांजराला मांजरासारखे वागता येते का, आणि लक्षण ठेवून तो परिणाम टाळता येतो का, हे विचारावे लागते.

याच प्रश्नांनी केस नसलेल्या मांजरांकडे पाहिले तर डच कायद्याने फोल्ड आणि स्फिंक्स यांना एकाच ओळीत बसवले ते मला जरा घाईचे वाटते. स्फिंक्स जातीची पहिली नोंद १९६६ मधील टोरांटोची. तिच्या अंगावरचे केस केआरटी७१ या, केस ज्यापासून बनतात त्या केराटिन प्रथिनाच्या जनुकातल्या बदलामुळे टिकत नाहीत. याच जनुकातल्या वेगळ्या बदलाने डेव्हन रेक्स जातीला नागमोडी केस मिळतात. थंडी, ऊन आणि त्वचेवर साचणारे तेल या अडचणी खऱ्या असल्या तरी घरात राहणाऱ्या मांजरासाठी त्यांची काळजी घेता येते, आणि फोल्डच्या सांध्यांसारखी सततची वेदना इथे नाही. अडते ते मिशांपाशी. मांजराच्या मिशा म्हणजे स्पर्शाचे इंद्रिय. अंधारात वाट काढताना आणि नाकासमोरची, डोळ्यांना नीट न दिसणारी वस्तू जोखताना त्या कामी येतात. स्फिंक्सला त्या नसतात किंवा तुटक्या, वाकड्या असतात. २०१५ मध्ये बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने मिशा नसलेल्या एका स्फिंक्स बोक्याची नसबंदी करण्याचा प्रशासनाचा आदेश याच आधारावर उचलून धरला. एक इंद्रिय जन्मतःच हिरावणारी पैदास थांबावी, या मताचा मीही आहे. मात्र सततची वेदना आणि इंद्रियाची उणीव यांची प्रत एक नाही, आणि कायद्याने ती प्रतवारी दाखवली तर त्याच्यावरचा विश्वास वाढेल.

रानमांजरांच्या संकरातून आलेल्या सॅव्हाना आणि बंगाल या जाती वेगळ्याच प्रकरणात मोडतात, त्यामुळे त्यांच्यावर इथे फार शब्द खर्चत नाही. १९८६ मध्ये आफ्रिकेतल्या सर्व्हल या रानमांजरापासून पहिली सॅव्हाना जन्मली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाने तिची आयात रोखली ती मुख्यतः तिथल्या वन्यजीवांच्या काळजीपोटी. पहिल्या काही पिढ्यांतला प्राणी घरात राहण्याजोगा असतो का, हा तिथला प्रश्न आहे.

पर्शियनच्या चपट्या चेहऱ्याने मात्र माझ्या निकषाचीही परीक्षा होते. कान दुमडलेला असतो किंवा नसतो. नाक किती आखूड, याला मात्र पायऱ्या असतात, आणि ते एका जनुकावर ठरत नाही. मध्यम आखूड चेहऱ्याचे मांजर नीट श्वास घेते. नाक आणखी मागे सरकले की अश्रुनलिका वाकडी होते आणि डोळे सतत वाहतात, दात जुळत नाहीत, बुबुळ उघडे पडून त्याला इजा होते, आणि मोठ्या डोक्यांमुळे प्रसूती अवघड होते. इथे जातीवर बंदी घालण्यापेक्षा मोजता येणारी मर्यादा घालणे योग्य. ब्रिटनच्या जीसीसीएफ या संस्थेच्या मानकात पर्शियनच्या नाकाचा वरचा काठ डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर जाऊ नये, अशी अट आहे. अशी अट फक्त स्पर्धेपुरती न राहता विक्रीच्या पिल्लांच्या आईबापांनाही लागू झाली, तर चेहरा हळूहळू पूर्वीच्या पर्शियनसारखा होईल. जुन्या छायाचित्रांतल्या पर्शियनला नाक होते, आणि तरीही तो पर्शियनच होता.

बंदीविरुद्धचे दोन आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की ही उत्परिवर्तने निसर्गात आपोआप घडली. सुझी कोणी प्रयोगशाळेत बनवली नव्हती. हे खरे आहे, पण निसर्गाने एक सुझी दिली. तिचे जनुक जगभरातल्या असंख्य मांजरांमध्ये माणसाने नेले, आणि जबाबदारी त्या कृतीची आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बंदी घातली की पैदास चोरून होईल, चाचण्या थांबतील आणि मांजरांचे अधिकच हाल होतील. जिथे चाचणीने रोग टाळता येतो तिथे हा युक्तिवाद मला पटतो, आणि म्हणूनच तिथे मी बंदी मागत नाही. पण फोल्डच्या बाबतीत चाचणी करून टाळण्यासारखे काही नसतेच. उघड्यावर, परवान्यासह, उत्तम निगराणीत जन्मलेल्या फोल्ड पिल्लाची कूर्चा चोरून जन्मलेल्या पिल्लासारखीच असते. तिथे कायदेशीर बाजाराने मिळते ते फक्त मागणीला प्रतिष्ठेचे कवच.

हे काम नोंदणी संस्थांवर सोपवून चालेल का? अनुभव आशादायक नाही. जीसीसीएफने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच फोल्डची नोंदणी थांबवली होती. जात संपली नाही, ती अमेरिकेत गेली आणि १९७८ मध्ये सीएफएच्या स्पर्धांत पूर्ण दर्जाने उतरली. एका संस्थेने दार लावले की दुसरीचे उघडे सापडते, आणि कोणत्याच संस्थेत नाव न नोंदवता पिल्ले विकणाऱ्यांना तर कोणाचीच आडकाठी नसते. म्हणून कायदा लागतो. त्याचे तत्त्व नवे नाही: पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या युरोपीय करारातील पाचव्या कलमाने पैदाशीसाठी प्राणी निवडणाऱ्यावर पिल्लांच्या व आईच्या आरोग्याची जबाबदारी टाकली आहे, आणि जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात यातनादायी पैदाशीवर बंदीचे कलम आहे. अडचण अशा कलमांच्या मोघमपणात आहे. ‘यातना होतील अशी पैदास’ म्हणजे कोणती, हे दर वेळी न्यायालयात सिद्ध करावे लागले तर कलम कागदावर राहते. ज्या लक्षणांचे जनुक आणि परिणाम निश्चित झाले आहेत त्यांची नावानिशी यादी कायद्याला जोडावी, नवा पुरावा येईल तशी पशुवैद्यकांच्या समितीने ती वाढवावी किंवा कमी करावी, आणि बाकीच्या जातींसाठी चाचणीचे दाखले विक्रीच्या वेळी बंधनकारक करावेत. जाहिरातीतली आणि करमणुकीतली या मांजरांची छायाचित्रे हा मागणीचा मोठा उगम आहे; पैदास बंद आणि जाहिरात चालू हे विसंगत ठरते.

आज जिवंत असलेल्या मांजरांवर या कशाचाही राग निघता कामा नये. डच नियमात १ जानेवारी २०२६ पूर्वी जन्मलेल्या आणि चिप बसवलेल्या मांजरांना त्यांच्या घरी आयुष्यभर राहण्याची मुभा आहे, आणि ती तरतूद योग्य आहे. फोल्ड मांजर घरी असलेल्यांनी अपराधी वाटून घेण्यापेक्षा वजन आटोक्यात ठेवावे, उंच जागी चढायला पायऱ्या कराव्यात, नसबंदी करून घ्यावी आणि सांध्यांची नियमित तपासणी करावी. वेदनाशामक उपचारांनी अशा मांजरांचे जगणे बरेच सुसह्य होते. राहिला जात नामशेष होण्याचा प्रश्न. फोल्डच्या वेतांत सरळ कानांची पिल्लेही नेहमीच जन्मत आली आहेत. त्यांना स्कॉटिश स्ट्रेट म्हणतात. गोल चेहरा, मोठे डोळे, दाट केस आणि माणसाळू स्वभाव हे सारे त्यांच्याकडे आहे. नाही ते फक्त टीआरपीव्ही४ चे सदोष जनुक. टिकासारखी संस्था त्यांना स्वतंत्र जात म्हणून आधीच मान्यता देते. सरळ कानाच्या मांजरांचीच आपसांत जोड लावली तर स्कॉटलंडच्या त्या शेतावरून निघालेला वंश पुढे चालू राहील आणि त्यातल्या एकाही पिल्लाचे घोटे जन्मजात विकाराने जखडणार नाहीत. पैदासकारांना यासाठी नवे मांजर शोधायचे नाही, फक्त दर वेतातली वेगळी पिल्ले निवडायची आहेत.